पुरावा आहे, पण सिद्ध झाले काय?

वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये गुन्हा, आरोप आणि पुरावा यांविषयीच्या इंग्रजी शब्दांबद्दलची पत्रे बरीच होती. वृत्तवाहिन्यांनी आणि मोबाइलवरील गप्पांनी हे शब्द घरोघरी पोचवले आहेत, परंतु ते कोणी, कोणत्या टप्प्यावर वापरायचे, हे मात्र पोचवलेले नाही. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा नातू कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'पोलिसांना प्रूफ मिळाले' असे मी म्हटले की तो 'आजी, प्रूफ नव्हे, एव्हिडन्स' असे म्हणून मला अडवतो. मराठीत आपण दोन्हींना पुरावाच म्हणतो. मग हा भेद इंग्रजीपुरताच आहे, की आपणही पाळायला हवा?
– एक निवृत्त शिक्षिका, दादर

उत्तर : नातवाचे म्हणणे बरोबर आहे, आणि हा भेद आपणही पाळायला हवा, कारण तो इंग्रजी भाषेचा नसून न्यायदानाच्या क्रमाचा आहे. साक्षीदाराने शपथेवर सांगितलेली हकिकत आणि न्यायालयापुढे दाखल झालेले दस्तऐवज म्हणजे एव्हिडन्स. ते सारे तपासून, उलटतपासणीच्या चाळणीतून काढून झाल्यावर न्यायाधीशाची जी खात्री पटते, ते प्रूफ. पहिली गोष्ट पोलीस आणि वकील जमवू शकतात, दुसरी त्यांच्या हातात नसते. म्हणून पोलिसांना प्रूफ 'मिळत' नाही. मिळते ती केवळ सामग्री.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी मसुदा केलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याने या बाबतीत तीन अवस्था सांगितल्या होत्या : गोष्ट सिद्ध झाली, गोष्ट खोटी ठरली आणि गोष्ट सिद्ध झाली नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी या तिन्ही व्याख्या नव्या कायद्यातही आहेत. आपल्या बोलण्यातून नेमकी तिसरी अवस्था गळून पडते आणि 'सिद्ध झाले नाही' याचा अर्थ कोणी 'खोटे ठरले' असा घेतो, तर कोणी 'सुटला खरा, पण केलेच असणार' असा घेतो.

पुराव्यापासून सिद्धतेपर्यंतचा रस्ता किती लांब असतो, हे एका सुऱ्याच्या उदाहरणाने पाहण्यासारखे आहे. घटनास्थळी सापडलेला सुरा पंचांसमक्ष जप्त होतो, कागदात गुंडाळून त्यावर दोरा आणि लाख लावली जाते, लेबलावर पंचांच्या सह्या होतात, पंचनाम्यात त्याचे वर्णन उतरते आणि तो मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्यात जमा होतो. तेथून तो कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. सील शाबूत होते की नाही, हे तेथे नोंदवले जाते आणि रक्तासंबंधीचा अहवाल येतो. खटला उभा राहिल्यावर तेच पाकीट न्यायालयात उघडून पंचाला विचारले जाते, 'जप्त केलेला सुरा तो हाच काय?' जप्तीचा पंचनामा त्या साक्षीतून शाबीत झाला, म्हणजे त्यावर निशाणी क्रमांक पडतो. आपल्याकडील न्यायालयांत 'एक्झिबिट'ला 'निशाणी' म्हणतात आणि एखाद्या कागदाला निशाणी पडली की नाही, यावरून वकील मंडळी अर्धा अर्धा तास वाद घालतात, तो वाद पोकळ नसतो. या साखळीतील पंच ऐन वेळी 'माझी सही पोलीस ठाण्यात घेतली' असे म्हणाला किंवा सील तुटलेले निघाले, तर सुरा तोच राहतो, त्यावरचे रक्त तेच राहते, आणि तरीही आरोप सिद्ध होत नाही.

तेव्हा मराठीत लिहिताना 'पुरावा' हा शब्द एव्हिडन्ससाठी राखून ठेवावा आणि प्रूफच्या जागी 'सिद्ध' किंवा 'शाबीत' यांची क्रियापदे योजावीत. 'पुरावा सादर झाला' आणि 'आरोप सिद्ध झाला' ही दोन वाक्ये वेगळी ठेवली की नातवाची तक्रार राहणार नाही. जाता जाता एक व्याकरणाची गोष्ट : इंग्रजीत एव्हिडन्सचे अनेकवचन होत नाही, त्यामुळे वाहिन्यांवरून ऐकू येणारे 'एव्हिडन्सेस' हे अशुद्ध आहे. मराठीतील 'पुरावे' मात्र निर्धास्तपणे वापरावेत. नव्या कायद्याच्या नावातील 'साक्ष्य' या शब्दाचा मराठी मनाला थोडा चकवा होतो, कारण आपल्याकडे साक्ष म्हणजे माणसाने तोंडी दिलेली जबानी. त्या कायद्यात मात्र कागद आणि संगणकातील नोंदीही येतात.

प्रश्न : 'सर्कमस्टान्शियल एव्हिडन्स' म्हणजे कच्चा पुरावा, असे सर्रास म्हटले जाते. ते खरे आहे काय?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : खरे नाही. परिस्थितिजन्य पुरावा हा पुराव्याचा प्रकार आहे, प्रत नव्हे. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नसतानाही, मृताबरोबर शेवटी कोण दिसले, कोणाच्या सांगण्यावरून वस्तू हस्तगत झाली, कोणाचा हेतू होता, या दुव्यांवरून गुन्हा सिद्ध होऊ शकतो. मात्र त्याची कसोटी कडक आहे. पुण्यातील एका नवविवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्यासाठी पाच अटी सांगितल्या आणि त्यांना 'पंचशील' असे नाव दिले. प्रत्येक दुवा पूर्णपणे सिद्ध झालेला असावा, तो आरोपीच्या दोषाशीच जुळणारा असावा आणि साखळी इतकी पूर्ण असावी की आरोपी निरपराध असण्याची वाजवी शक्यता उरू नये, असा त्यांचा मथितार्थ आहे. त्या खटल्यात खालच्या न्यायालयाने दिलेली आणि उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशीची शिक्षा याच कसोटीवर रद्द होऊन आरोपी सुटला. महाराष्ट्रातीलच १९७३ च्या एका निकालाचा आधार त्यात घेतला होता. 'गुन्हा केला असेल' आणि 'गुन्हा केलाच असला पाहिजे' यांच्यातील अंतर फार मोठे आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. 'असेल' आणि 'असलाच पाहिजे' हा भेद मराठी क्रियापद किती सहज दाखवते, आणि बातमी लिहिताना आपण तो किती सहज पुसतो!

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. सस्पेक्ट, अक्यूज्ड आणि कन्व्हिक्ट यांना मराठीत काय म्हणावे? आमच्याकडे सराव म्हणून लिहिलेल्या बातम्यांत तिन्ही ठिकाणी 'आरोपी' येते, आणि मथळ्यात तर 'नराधम'. तसेच 'अलेज्ड' लावले की बातमीदार सुरक्षित होतो, हे खरे का?
– एक विद्यार्थिनी, विलेपार्ले

उत्तर : ज्याच्यावर नजर आहे, पण ज्याच्याविरुद्ध अद्याप काही नोंदलेले नाही, तो संशयित. ज्याच्याविरुद्ध गुन्हा नोंदला गेला, तो आरोपी. न्यायालयाने दोषी ठरवले की मग तो सिद्धदोष. 'गुन्हेगार' हा शब्द या तिसऱ्या पायरीआधी लिहू नये. 'नराधम' कोणत्याच पायरीवर बसत नाही. ते विशेषण आहे आणि त्याचा पुरावा मागता येत नाही, म्हणून बातमीत त्याला जागा नसावी.

आपल्याला खरी अडचण येईल ती मधल्या पायऱ्यांवर. पोलीस तपास पूर्ण करून न्यायालयात जे दाखल करतात, त्या चार्जशीटला आपण 'दोषारोपपत्र' किंवा 'आरोपपत्र' म्हणतो. त्यानंतर न्यायाधीश कागद पाहून आरोप निश्चित करतात, म्हणजेच 'चार्ज फ्रेम' होतो. या दोन्ही गोष्टींना बातम्यांमध्ये 'ठपका ठेवला' असे म्हटले जाते, ते चुकीचे आहे. आरोपपत्र हे पोलिसांचे म्हणणे असते आणि आरोप निश्चित होणे म्हणजे खटला चालवण्यापुरते प्रथमदर्शनी काही आहे, एवढेच न्यायालयाने म्हणणे. आरोप निश्चित होण्यापूर्वीच न्यायाधीशांना खटला चालवण्याजोगे काही दिसले नाही, तर आरोपी 'डिस्चार्ज' होतो. खटला चालून शेवटी सुटला, तर 'अक्विट' होतो. मराठी वृत्तपत्रांनी पहिल्यासाठी 'दोषमुक्त' आणि दुसऱ्यासाठी 'निर्दोष मुक्तता' हे शब्द रूढ केले आहेत, परंतु शासकीय परिभाषेत 'दोषमुक्ती' हा शब्द या दुसऱ्या, म्हणजे 'अक्विट' होण्याच्या, अर्थाने येतो. त्यामुळे कागद मराठीत असो वा इंग्रजीत, खटला चालून निकाल लागला की त्याआधीच सुटका झाली, हे एका वाक्यात स्पष्ट लिहावे. नुसत्या शब्दावर विसंबू नये.

जामीन हा निकाल नव्हे, हेही मुद्दाम सांगावेसे वाटते. 'न्यायालयाचा दिलासा' असे लिहिताना आपण जिंकल्या-हरल्याची भाषा वापरतो, पण जामीन देताना न्यायालय मुख्यतः आरोपी पळून जाईल काय, साक्षीदारांवर दबाव आणील काय, याचा विचार करत असते.

'अलेज्ड'बद्दल बोलायचे तर, 'कथित' हा शब्द योग्य जागी लावला तर उपयोगी आहे, परंतु तो कवच नाही. 'कथित आरोपी' हे तर निरर्थक आहे, कारण आरोप झाला आहे हे कथन नसून वस्तुस्थिती असते. कथित असतो तो गुन्हा, आरोप नव्हे. बदनामीच्या कलमात, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत आणि आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, उपरोधाने किंवा 'हे तरी किंवा ते तरी' अशा पर्यायी रूपात केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असे स्पष्टीकरण आहे. त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीला 'कथित' लिहून पुढे सारा तपशील ठामपणे मांडणाऱ्याला त्या एका शब्दाचा फारसा आधार मिळत नाही. त्याऐवजी 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार', 'फिर्यादीत नमूद केल्याप्रमाणे' असे म्हणून म्हणणे कोणाचे आहे, ते सांगावे.

आणखी एक वाक्य आपल्या वहीत लाल शाईने खोडून ठेवावे : 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली, अशी माहिती पोलिसांनी दिली.' पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हा १८७२ च्या कायद्यातील कलम २५ चा नियम नव्या कायद्याच्या कलम २३ मध्ये कायम आहे. अपवाद एवढाच की कोठडीत असलेल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष हस्तगत झाली, तर त्या वस्तूच्या शोधाशी थेट संबंधित असा माहितीचा भाग पुढे आणता येतो. आपल्याकडे यासाठी पंचांसमक्ष निवेदन घेऊन मग जागेवर जाण्याची पद्धत आहे. बातमी वाचणाऱ्याला 'कबुली' या शब्दात खटला संपल्यासारखा वाटतो. न्यायालयात मात्र त्या कबुलीला बहुधा प्रवेशच नसतो.

न्यायालयापुढे आरोपीने 'प्लीड गिल्टी' केले, म्हणजे गुन्हा कबूल केला, तर गोष्ट निराळी. तरीही न्यायाधीश ती कबुली स्वीकारण्यास बांधलेले नसतात. आर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयात २० जुलै २००९ रोजी अजमल कसाबने अचानक गुन्हा कबूल करत असल्याचे सांगितले, त्या दिवशी अनेकांना खटला आटोपल्यासारखे वाटले होते. न्यायालयाने मात्र केवळ त्यावर निकाल न देता पुढील साक्षीपुरावा नोंदवला आणि निकाल मे २०१० मध्ये दिला. त्याच निकालात कटात सामील असल्याचा आरोप असलेल्या दोन भारतीय आरोपींची मुक्तता झाली, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या माजी खजिनदारांनी पाण्याच्या टाक्या साफ करण्याच्या खर्चाच्या पावत्या दिलेल्या नाहीत, आणि रंगकामासाठी सिंकिंग फंडातील पैसे सभेची मंजुरी न घेता वापरले. एका सभासदाने संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'फ्रॉड झाला आहे, माझ्याकडे प्रूफ आहे' असे लिहून व्हाऊचरचे फोटो टाकले. आता खजिनदार नोटीस पाठवण्याची भाषा करत आहेत. नेमका कोणता शब्द वापरायला हवा होता?
– संस्थेच्या व्यवस्थापक समितीतील एक सदस्य, मुलुंड

उत्तर : आपल्या पत्रातील दोन गोष्टी एकाच मापाच्या नाहीत. मंजुरीवाचून निधी दुसऱ्या कामासाठी वापरणे ही अनियमितता आहे. काम झालेले असेल आणि पैसे कंत्राटदारालाच गेले असतील, तर तो अपहार होत नाही. पावत्या नसणे हा हिशेबातील दोष आहे, त्यामागे हलगर्जी असू शकते किंवा अफरातफरही असू शकते, पण कोणती ते नुसत्या व्हाऊचरवरून कळत नाही. 'फ्रॉड' म्हणजे लबाडीने, दुसऱ्याला फसवून लाभ घेण्याचा हेतू. हा हेतू दाखवणारे आपल्या पत्रात तरी काही नाही. टाक्या साफ झाल्याच नाहीत, असे वॉचमन सांगत असेल किंवा पावतीवरील दुकान अस्तित्वातच नसेल, तर प्रकरणाला निराळे वळण लागेल.

सहकाराच्या भाषेत यासाठी आधीच सौम्य आणि नेमके शब्द आहेत. लेखापरीक्षक आपल्या अहवालात 'दोष' दाखवतात आणि समितीने त्यावर 'ओ' नमुन्यात दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. येथे दोष म्हणजे गुन्हा नव्हे, हिशेबातील उणीव. त्यापुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये कलम ८३ खाली चौकशी आहे आणि नुकसान झाले असल्यास ते कोणाकडून भरून घ्यायचे, हे ठरवण्यासाठी कलम ८८ आहे. लेखापरीक्षकाला प्रत्यक्ष अपहार आढळला, तर विशेष अहवाल देऊन पोलिसांत जाण्याची वाट आहे. सभासदाने ग्रुपवर एवढेच लिहायला हवे होते : 'अमुक रकमेच्या पावत्या मिळालेल्या नाहीत, समितीने त्या सभेपुढे ठेवाव्यात.' या वाक्यात एकही आरोप नाही, आणि तरी खजिनदारांना उत्तर देणे भाग पडले असते.

फोटोंविषयी : मोबाइलवरील प्रतिमा पुरावा म्हणून दाखल करायची, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या एका निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीबद्दल, मूळ उपकरणच हजर केलेले नसेल तर हे प्रमाणपत्र आवश्यकच आहे, असे सांगितले. तेव्हा मूळ व्हाऊचरे संस्थेच्या दप्तरात सुरक्षित राहतील, हे आधी पाहावे. तक्रार करायची ती उपनिबंधकांकडे करावी. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामीच्या कलमात अपवाद मानलेली आहे, ग्रुपवरील मजकुराला हे संरक्षण सहजासहजी मिळत नाही. नोटिशीला काय उत्तर द्यावे, हे मात्र वकिलांना विचारावे; ते या सदराचे काम नव्हे.

प्रश्न : 'सबळ पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता' हे वाक्य मला नेहमी विसंगत वाटते. पुरावा अपुरा होता, तर 'निर्दोष' कसे म्हणायचे? इंग्रजीत 'नॉट गिल्टी' आणि 'इनोसंट' हे शब्द वेगळे आहेत ना?
– एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

उत्तर : शब्द वेगळे आहेतच, आणि त्यांतील अंतर दाखवणारे सर्वांत ठसठशीत उदाहरण आपल्या घरापासून फार दूर नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या दालनात १९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, त्याच्याबाहेर त्यांचे उद्गार कोरलेले आहेत. नऊ जणांच्या ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी 'गिल्टी' म्हटले, न्यायमूर्ती दावर यांनी काही म्हणायचे आहे काय असे विचारले, तेव्हा ज्यूरीने काहीही निर्णय दिला असला तरी मी निरपराध आहे, असे टिळक म्हणाले. येथे दोन्ही शब्द समोरासमोर उभे आहेत. 'गिल्टी' हा ज्यूरीचा शब्द, तो द्यायचा अधिकार त्यांचाच, आणि टिळकांनी तो अधिकार नाकारला नाही. 'इनोसंट' हा त्यांचा स्वतःचा शब्द, आणि तो कोणत्याही ज्यूरीला देता किंवा काढून घेता येत नव्हता.

या खटल्याला भाषेची आणखी एक बाजू होती. 'केसरी'तील मराठी लेख हाच मुख्य पुरावा होता, आणि ज्यांनी निवाडा द्यायचा त्या ज्यूरीतील बहुसंख्य युरोपीयांना मराठी येत नव्हते. त्यामुळे त्यांच्यापुढे आले ते भाषांतर. सरकारी भाषांतरकाराला टिळकांनी स्वतः उलट प्रश्न विचारले आणि कित्येक शब्दांचे इंग्रजी प्रतिशब्द मूळ अर्थाहून भडक आहेत, असे दाखवण्याचा प्रयत्न केला. एखाद्या शब्दाची छटा चुकली, तर त्याची किंमत सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा असू शकते, हे त्या दालनात मराठी माणसाने ऐकले आहे. प्रतिशब्दांची चर्चा ही शब्दकोशकारांची हौस आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या कामकाजाचा वृत्तान्त जरूर वाचावा.

आता आपल्या मूळ शंकेकडे येतो. आपल्या कायद्याची भूमिका अशी आहे की आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निरपराध मानायचा. न्यायालय कोणाला नव्याने निर्दोष 'करत' नाही. तो आधीपासून जसा मानला गेला होता, तसाच राहतो, आणि सुटका झाल्यावर ते गृहीतक अधिकच बळकट होते. म्हणून 'सबळ पुराव्याअभावी' या शब्दांना कुजबुजीचा सूर लावणे अन्यायाचे आहे. वाक्य विसंगत नाही, पण काटेकोरही नाही, एवढे मान्य करतो. 'आरोप सिद्ध न झाल्याने मुक्तता' असे लिहिले, तर न्यायालयाने केले तेवढेच सांगितले जाईल. 'संशयाचा फायदा', म्हणजे 'बेनिफिट ऑफ डाउट', हीदेखील मेहेरबानी नव्हे; वाजवी संशय उरला, तर तो आरोपीच्या बाजूने जायचा, हा नियमच आहे.

उलट दिशेचे उदाहरण म्हणजे नानावटी खटला. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी नौदलातील कमांडर नानावटी यांना खुनाच्या आरोपात 'नॉट गिल्टी' ठरवले. गोळ्या त्यांच्याच हातातील रिव्हॉल्व्हरमधून सुटल्या, याबद्दल वाद नव्हता. त्या झटापटीत अपघाताने सुटल्या, असे बचावाचे म्हणणे होते. न्यायाधीशांना तो निर्णय पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तेथे खुनाचा आरोप सिद्ध मानून जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनी त्यांना माफी दिली. माफी आणि मुक्तता यांत येथे गल्लत करू नये : राज्यपालांची अशी माफी दोषसिद्धीनंतरच मिळते, म्हणजे ती दोष गृहीत धरते.

आपल्या पत्राच्या ताज्या कलमात आपण 'क्लीन चिट'चाही उल्लेख केला आहे. हा शब्दप्रयोग आपल्या देशातील इंग्रजीचा आहे. त्यातील चिट ही आपलीच चिठ्ठी, इंग्रजांनी उचलली आणि धुऊन परत दिली. त्याला कायद्यात काही स्थान नाही. पोलिसांना खटला भरण्याजोगे काही मिळाले नाही, तर मुंबईत ते न्यायालयाला 'समरी' अहवाल पाठवतात आणि त्याचे प्रकार आहेत. गुन्हा घडला, पण करणारा सापडला नाही, तर 'ए' समरी. तक्रारच द्वेषबुद्धीने खोटी केलेली, तर 'बी'. आणि तक्रार ना खरी ना खोटी, गैरसमजातून केलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची, तर 'सी'. या तिन्हींना वृत्तपत्रे सरसकट 'क्लीन चिट' म्हणतात, तेव्हा 'सी' समरीतला माणूस उगाच धुतल्या तांदळासारखा होतो आणि 'बी' समरीतल्या माणसाला, ज्याच्यावर खोटी तक्रार झाली, त्याला त्याचा पुरता न्याय मिळत नाही. शिवाय समरी मंजूर करणे न्यायालयाच्या हाती असते. फिर्यादीचे ऐकून ती नाकारताही येते.

प्रश्न : फौजदारी खटल्यातून सुटूनही माझ्या भावाची खातेनिहाय चौकशी सुरूच आहे. कार्यालयाचे म्हणणे आहे की मुक्तता 'ऑनरेबल' नाही. हा कोणता प्रकार?
– एक वाचक, परळ

उत्तर : 'सन्मानाने मुक्तता' हा शब्द फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात नाही. तो नोकरीच्या नियमांतून आणि त्यांवरील निकालांतून आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात त्याचा अर्थ साधारण असा सांगितला की साक्षीपुराव्याचा पूर्ण विचार करून, फिर्यादी पक्षाला आरोप सिद्ध करण्यात सपशेल अपयश आले आहे, असे म्हणून सोडले असेल, तर ती सन्मानाने मुक्तता म्हणता येईल. साक्षीदार उलटल्याने किंवा संशयाच्या फायद्याने सुटका झाली, तर नाही. खातेनिहाय चौकशीत सिद्धतेचे मापही निराळे असते : वाजवी संशयापलीकडे नव्हे, तर शक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच पाहतात. भावाच्या निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद न वाचता त्याआधीची कारणमीमांसा काढून पाहावी. उत्तर तेथे असेल.

प्रश्न : 'रेड-हँडेड' म्हणजेच आपले 'रंगेहाथ' ना? आणि रंगेहाथ पकडलेली माणसे पुढे सुटतात कशी?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : होय, अर्थ तोच, इंग्रजी शब्द स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यातला, तेथे रंग रक्ताचा होता. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात मात्र तो गुलाबी असतो. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात. त्या घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात धुतले की पाणी गुलाबी होते आणि ते बाटलीत सीलबंद केले जाते. महाराष्ट्रात अँथ्रासीन पूड आणि अतिनील दिवा यांचाही वापर होत आला आहे. परंतु हात रंगले यावरून नोटांना स्पर्श झाला एवढेच कळते, मागणी झाली हे कळत नाही. लाचेची मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला, तर मागणी इतर पुराव्यावरूनही दाखवता येते, असेही त्यात म्हटले आहे. सापळ्याआधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी करतात ती याचसाठी, आणि बरेच खटले याच ठिकाणी ढासळतात.

'स्मोकिंग गन'बद्दलही आपण विचारले आहे. हा शब्द जगभर झाला तो अमेरिकेतील वॉटरगेट प्रकरणात : जून १९७२ मधील संभाषणाची ध्वनिफीत ऑगस्ट १९७४ मध्ये उघड झाली आणि निक्सन यांनी काही दिवसांतच अध्यक्षपद सोडले. मराठीत त्याला 'निर्णायक पुरावा' पुरेसे आहे. 'धूर निघणारी बंदूक' असे एका दैनिकात वाचले. ते कृपया करू नये.

प्रश्न : 'मला गिल्टी वाटतं' असे मुले म्हणतात. चालेल काय?
– एक पालक, माहीम

उत्तर : बोलण्यात चालेल. लिहिताना 'अपराधी वाटते' किंवा 'मनाला लागून राहिले आहे' म्हणावे.

प्रश्न : 'अ‍ॅलिबी' म्हणजे सबब, असे कार्यालयात सगळे म्हणतात. बरोबर आहे का?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : कायद्याच्या भाषेत नाही. गुन्हा घडला त्या वेळी आपण दुसऱ्या ठिकाणी होतो, एवढाच त्याचा अर्थ; लॅटिनमध्ये तो शब्दच 'अन्यत्र' असा आहे. सबब खरी-खोटी, मोठी-छोटी असू शकते. अन्यत्र असणे हे एकतर असते किंवा नसते. आरोप सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावरच राहतो, पण 'मी तेथे नव्हतो' असे म्हणणाऱ्याने ते स्वतः दाखवून द्यायचे असते : रेल्वेचे तिकीट, रुग्णालयाची नोंद, हजेरीपट, काहीही. १८७२ च्या कायद्यात यासाठी दिलेल्या दाखल्यात गुन्हा कलकत्त्याला घडलेला होता आणि माणूस त्या दिवशी लाहोरला होता. २०२३ च्या कायद्यात गुन्हा चेन्नईला गेला आहे आणि माणूस लडाखला.